लोहाच्या तीन पुड्या: ईडीटीए, ईडीडीएचए आणि ते ‘ऑर्थो-ऑर्थो’ प्रकरण

बागवान_सांगोला

मंडळी, नमस्कार. शेतीत टाकावं की विज्ञानात, कळेना. शेवटी सोलापूर कट्ट्यावरच टाकतोय, इथं दोन्हीकडचे लोक आहेत.

सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. जमीन मध्यम, खाली मुरूम आणि चुनखडी. माती परीक्षणात सामू ८.३ आला आणि मुक्त चुना ‘जास्त’ या रकान्यात. नव्या फुटीची पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठणठणीत आहेत. म्हणजे लोहाची कमतरता, इथवर मलाही कळतं.

दुकानात तीन पुड्या दाखवल्या. पहिली चिलेटेड आयर्न ईडीटीए, लोह १२ टक्के. दुसरी ईडीडीएचए, लोह ६ टक्के, आणि खाली बारीक अक्षरात ‘ऑर्थो-ऑर्थो ४.८ टक्के’. तिसरीही ईडीडीएचए ६ टक्केच, पण ऑर्थोबिर्थो काही लिहिलेलं नाही, आणि दुसरीपेक्षा बरीच स्वस्त. दुसरीचा भाव ऐकून मी पुडी खालीच ठेवली. दुकानदार म्हणतो, “मालक, लोहच पाहिजे ना? मग कमी पैशात डबल लोह मिळतंय, घ्या की.”

हिशोबानं त्याचं खरं वाटतं. मग अर्ध्या लोहाची महाग पुडी लोक घेतात कशाला? आणि ऑर्थो-ऑर्थो म्हणजे काय? बारावीला केमिस्ट्री होती, पण पास होण्यापुरती.

शेंगाचटणी

ऑर्थो म्हणजे हाडांचा डॉक्टर एवढंच मला माहीत. डाळिंबाचे गुडघे दुखायला लागले काय ओ?

(जातो. पण धागा वाचतोय, लिहा.)

कोरडवाहू

आमच्या वेळी हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात आठ-दहा दिवस मुरवायचा आणि आळ्यात टाकायचा. पुड्या नव्हत्या तेव्हाही झाडं होतीच. नुसता हिराकस चुनखडीत टाकला तर दोन दिवसांत तांबडा गंज होतो, हे मात्र डोळ्यांनी बघितलंय.

अष्टफलक

कोरडवाहू अण्णांनी दोन ओळींत निम्मं उत्तर देऊन टाकलं. उरलेलं मी लिहिते, जरा लांबेल.

दुकानदार किलोमागे लोह किती ते मोजतोय. झाडाच्या कामाचा आकडा वेगळा आहे: मुळापर्यंत पोचताना विरघळलेलं लोह किती शिल्लक राहतं? मुळात तुमच्या मातीत लोहाचा तुटवडा नाहीच. दख्खनच्या बेसॉल्टची माती ती, लोह भरपूर. पण सामू ८ च्या वर गेला की फेरिक लोह (तीन धन प्रभार असलेलं) हायड्रॉक्साइड होऊन बसतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. सामू एकानं चढला की पाण्यातलं मोकळं फेरिक लोह हजारपटीनं घटतं. ६.३ च्या मातीशी तुलना केली तर तुमच्याकडे ते दहा लाख पटीनं कमी आहे. अण्णांचा तांबडा गंज तो हाच.

म्हणून लोह अशा रेणूच्या ताब्यात द्यायचं की ते हायड्रॉक्साइडच्या हाती लागू नये. असा धरणारा रेणू म्हणजे लिगंड. लोहाच्या आयनाभोवती सहसा सहा जागा असतात, अष्टफलकाच्या सहा टोकांवर (माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय). साध्या पाण्यात त्या सहाही जागांवर पाण्याचे रेणू बसलेले असतात. लिगंडकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते आणि बंधासाठी दोन्ही इलेक्ट्रॉन तोच देतो, धातू फक्त जागा देतो. असे बंध होऊन जे तयार होतं ते कोऑर्डिनेशन संयुग.

ईडीटीए हा एकच रेणू सहा ठिकाणी धरतो: दोन नायट्रोजन, चार कार्बॉक्सिल गटांचे ऑक्सिजन. ईडीडीएचएसुद्धा सहा ठिकाणी धरतो, पण त्यात दोन नायट्रोजन, दोन कार्बॉक्सिलचे ऑक्सिजन आणि दोन फिनॉलचे ऑक्सिजन. तुम्ही जादा पैसे देता ते या दोन फिनॉलचे.

एकाच रेणूनं अनेक ठिकाणी धरल्यावर काय होतं ते निकेलच्या आकड्यांत फार छान दिसतं. निकेलला सहा अमोनिया लावले तर स्थिरतेच्या स्थिरांकाचा, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणाऱ्या आकड्याचा, लॉग ८.६ येतो. तेच सहा नायट्रोजन तीन इथिलिनडायअमिनच्या रेणूंतून आले की १८.३. धातू तोच, धरणारे अणू तेच आणि तितकेच, तरी स्थिरांकात साधारण ५०० कोटी पटींचा फरक. एक टोक सुटलं तरी दुसरं धरून असतं, त्यामुळे सुटलेलं टोक लांब जात नाही, परत येऊन बसतं. शिवाय थोडे लिगंड आत येतात आणि पाण्याचे जास्त रेणू मोकळे होतात, म्हणजे एन्ट्रॉपीचाही फायदा. चिलेट, चिलेट म्हणून विकतात ते हे.

आता तुमच्या पुड्या. फेरिक लोह आणि ईडीटीए, लॉग २५.१. ईडीडीएचए (चांगल्या प्रकारचं), लॉग ३५ च्या आसपास. २५ म्हणजे एकावर २५ शून्यं, ऐकायला अजिबात कमी नाही. पण मातीत लोह एकटं नसतं. कॅल्शियम आणि ईडीटीए यांचा लॉग १०.७, त्या मानानं किरकोळ. पण तुमच्या चुनखडीत कॅल्शियम अमाप आहे. एकीकडून हायड्रॉक्साइड लोहाला ओढतं, दुसरीकडून कॅल्शियम ईडीटीएला ओढतं. ढोबळ हिशोबानं ईडीटीएचं लोह सामू ६.५ पर्यंत नीट टिकतं, डीटीपीए नावाच्या आणखी एका चिलेटचं ७.५ पर्यंत, ईडीडीएचएचं ९ च्याही पुढे. फिनॉलचा ऑक्सिजन फेरिक लोहाला घट्ट धरतो, कॅल्शियमशी त्याचं फारसं जमत नाही.

थोडक्यात, ८.३ च्या जमिनीत १२ टक्केवाली पुडी ठिबकमधून सोडली तर काही दिवसांत तुम्ही मातीत थोडा गंज आणि थोडं कॅल्शियम-ईडीटीए टाकल्यासारखं होईल.

बागवान_सांगोला

मॅडम, पहिल्यांदाच कुणी नीट सांगितलं. म्हणजे पहिली पुडी बाद. तिसरीचं काय?

एमएस्सी_चालू

तिसरीच्या आधी माझा एक प्रश्न घ्या मॅडम. केगावला विद्यापीठातच आहे मी. फेरिक म्हणजे डी-५ (डी ऑर्बिटलमध्ये पाच इलेक्ट्रॉन), हाय-स्पिन असेल तर पाचही ऑर्बिटलमध्ये एकेक इलेक्ट्रॉन. क्रिस्टल फील्डची स्थिरीकरण ऊर्जा (सीएफएसई, म्हणजे लिगंडमुळे डी ऑर्बिटलच्या ऊर्जा विभागल्यानं मिळणारी जादा स्थिरता) शून्य! मग ३५ आलं कुठून? आम्ही तर ‘स्टॅबिलिटी का?’ असं विचारलं की डोळे झाकून सीएफएसई लिहितो.

अष्टफलक

डोळे झाकून लिहिता म्हणूनच हा प्रश्न मी दरवर्षी तोंडीला विचारते.

बरोबर पकडलंस. हाय-स्पिन फेरिक, पाच एकटे इलेक्ट्रॉन, चुंबकीय आघूर्ण ५.९ बोर मॅग्नेटॉनच्या जवळ, सीएफएसई शून्य. ३५ येतो तो तीन धन प्रभार असलेल्या छोट्या आयनामुळे, ऑक्सिजनच्या ऋण प्रभारामुळे आणि चिलेटमुळे. हार्ड ॲसिडला (असा छोटा, जास्त प्रभाराचा आयन) हार्ड बेस (ऑक्सिजनसारखा) मानवतो, फिनोलेट तर खासच. सीएफएसई ही मोठ्या रकमेवरची चिल्लर आहे. द्विभारित आयनांच्या संयुगांची स्थिरतेची आयर्विंग-विल्यम्स क्रमवारी बघ (१९५३ ची): मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं अशी चढत जाते आणि जस्ताला खाली येते. तिथे ती चिल्लर नजरेत भरते, कारण बाकीची रक्कम हळूहळू बदलते. त्यातही तांब्याची उडी समजायला जान-टेलर परिणाम (तांब्याभोवतीचा अष्टफलक ताणला जातो तो) लागतो.

आणि ‘स्टेबल’ लिहिताना नेहमी विचार, कशाच्या तुलनेत आणि किती वेळ? निकेलचा टेट्रासायनो आयन अतिशय स्थिर आहे, पण द्रावणात खूण केलेलं सायनाइड टाकलं की क्षणात अदलाबदल होते. उलट कोबाल्टचं हेक्साअमाइन आम्लात हिशोबानं फुटायलाच हवं, पण खोलीच्या तापमानाला दिवसच्या दिवस तसंच बसून असतं. पहिलं स्थिर पण चपळ, दुसरं अस्थिर पण सुस्त. पेपरात या दोन्हींना ‘स्टेबल’ म्हटलंस तर एक मार्क जाईल.

टॉवेलवाला

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लिहितोय. डाळिंबातलं कळत नाही, पण ही ईडीटीएची गंमत आम्ही रोज भोगतो.

टॉवेल ब्लीच करताना पेरॉक्साइडच्या बाथचा सामू १०.५ ते ११. बोअरच्या पाण्यातलं लोह, गंजक्या पायपातला एखादा कण कापडावर बसला की नेमका त्या जागी पेरॉक्साइड भसाभसा फुटतो आणि सूत जळतं. ब्लीच करून निघालेल्या मालात काही दिसत नाही. रंगवून, धुऊन, वाळवून झालं की टाचणीएवढी भोकं. एकदा अख्खा लॉट परत आला. तेव्हा केमिकल देणारा पैजेवर सांगत होता की ईडीटीए टाकलंय, लोह धरलेलं आहे. त्या सामूला ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतं, लोह सोडून देतं. आता फॉस्फोनेट वापरतो, आणि कॉस्टिकच्या कामात सोडियम ग्लुकोनेट.

आमच्याकडचं उलट उदाहरण म्हणजे टर्क्वाइज रंग. तो कॉपर थॅलोसायनिनचा. चार नायट्रोजनांच्या मधोमध तांब्याचा अणू असा बसलेला की पिगमेंटवाले तो माल तीव्र गंधकाम्लात विरघळवून परत पाण्यात काढतात, तरी तांबं जागचं हलत नाही.

कोरडवाहू

बाई, एक शंका. एवढं घट्ट धरून ठेवलं तर झाडाला ते मिळणार कसं?

अष्टफलक

अण्णा, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

डाळिंबाची मुळं ओढाताणीत पडतच नाहीत. मुळाच्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यावर एक विकर असतं, ते फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस (दोन धन प्रभारांचं) करतं. फेरस झालं की तीच पकड एकदम ढिली पडते. ईडीटीएचाच आकडा बघा, फेरिकला २५.१ आणि फेरसला १४.३. लोह सुटतं, मूळ ते आत घेतं आणि मोकळा लिगंड मातीत परत जाऊन दुसरं लोह पकडू शकतो. म्हणजे पुडीतल्या लोहाइतकंच तिच्यातल्या लिगंडलाही मोल आहे, आणि तो टिकाऊ असेल तर मातीतलंच लोह उचलून आणतो.

ज्वारी, ऊस या गवतवर्गीय पिकांची तऱ्हा वेगळी. ती मुळातून स्वतःचाच लिगंड सोडतात, तोही सहा ठिकाणी धरणारा, आणि लोहासकट परत आत ओढून घेतात. बार्ली तो भरपूर सोडते, ज्वारी कंजूष. म्हणून चुनखडीच्या रानात ज्वारी लवकर पिवळी पडते.

तुमचा हिराकसही याच कुळातला. मुरलेल्या शेणखतातली सेंद्रिय आम्लं आणि ह्युमिक द्रव्यं लोहाला धरतात. पकड ईडीडीएचएच्या जवळपासही नाही, पण नुसत्या हिराकसापेक्षा कितीतरी बरी.

शेंगाचटणी

तिसरी पुडी राहिली की ओ! सस्पेन्स किती ताणायचा.

अष्टफलक

घ्या तिसरी पुडी.

ईडीडीएचए बनवताना फिनॉल, ग्लायऑक्झिलिक आम्ल आणि इथिलिनडायअमिन एकत्र आणतात. रेणूच्या दोन्ही टोकांना बेंझिनचं एकेक कडं लागतं आणि प्रत्येक कड्यावर एक ओएच गट असतो. मुख्य साखळी कड्याला जिथे जोडलेली आहे त्याच्या लगतच्या जागी ओएच आला तर ते ऑर्थो. समोरासमोरच्या टोकाला आला तर पॅरा. कारखान्यात दोन्ही तयार होतात.

कागदावर काढून बघा. नायट्रोजन लोहाला धरून आहे, तिथून कार्बन, मग कडं. ऑर्थो जागेचा ऑक्सिजन वळून बरोबर लोहापाशी येतो आणि सहा अणूंचं बंद कडं तयार होतं. पॅरा जागेचा ऑक्सिजन लोहाकडे पाठ करून पलीकडे तोंड काढतो. तो काही केल्या लोहापर्यंत पोचू शकत नाही. म्हणून ऑर्थो-ऑर्थो रेणू सहा ठिकाणी धरतो आणि ऑर्थो-पॅरा पाचच. सहावी जागा पाणी किंवा हायड्रॉक्साइड घेतं, म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं तोच घरात. स्थिरांकाचा लॉग ३५ वरून २९ च्या खाली येतो. अणू तेच, सूत्र तेच, वजन तेच.

पुडीवर ‘लोह ६ टक्के, ऑर्थो-ऑर्थो ४.८’ लिहिलंय याचा अर्थ सहापैकी ४.८ टक्के लोह या सहा ठिकाणच्या पकडीत आहे. उरलेलं ऑर्थो-पॅरा आणि बनवतानाच्या इतर जोड-उत्पादनांत. तुमच्या ८.३ सामूत जास्त काळ भरवशाचं तेवढंच. आकडा छापलेलाच नसेल तर नुसत्या सहाला भुलू नका. मी तरी घेणार नाही.

एमएस्सी_चालू

म्हणजे हा कोणता आयसोमरिझम (तेच अणू, वेगळी मांडणी)? लिंकेज, आयनायझेशन, हायड्रेट, कोऑर्डिनेशन... यादीत कुठे बसेना.

अष्टफलक

यादीत शोधू नकोस, हा लिगंडचा स्वतःचा स्थान-समघटक आहे. लोह यायच्या आधीपासूनचा. लोह आल्यावर फक्त त्याचा परिणाम उघड होतो.

पण थांब, ऑर्थो-ऑर्थोच्या आतही अजून एक पायरी आहे. कडं, कार्बॉक्सिल, नायट्रोजन आणि हायड्रोजन असे चार वेगवेगळे गट असलेला कार्बन प्रत्येक बाजूला एक. दोन कायरल कार्बन, म्हणजे आर-आर आणि एस-एस ही आरसा-जोडी, आणि आर-एस हा मेसो. लोहाभोवती ते वेगवेगळ्या ठेवणीत बसतात. आरसा-जोडीचं संयुग मेसोपेक्षा थोडं जास्त स्थिर. एका खताच्या पुडीत इतकी स्टिरिओकेमिस्ट्री, आणि आम्ही वर्गात अजून व्हर्नरच्या कोबाल्टवरच.

अर्थात कोबाल्टलाही नावं ठेवायला नको. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन, क्लोरीन शेजारी बसले तर जांभळं, समोरासमोर बसले तर हिरवं. व्हर्नरनं १८९३ मध्ये सहा जागांच्या अष्टफलकाची कल्पना मांडली ती अशाच रंगांच्या आणि समघटकांच्या मोजदादीवरून. क्ष-किरणांनी रचना बघायची सोय तेव्हा नव्हती. १९१३ चं नोबेल त्याला मिळालं.

शेंगाचटणी

एक ओएच इकडचा तिकडे झाला तर एवढा भाव बदलतो? पटत नाही राव.

टॉवेलवाला

रंगात तर नेहमीचंच आहे. पण मोठं उदाहरण कॅन्सरच्या औषधाचं. सिसप्लॅटिन. प्लॅटिनम, दोन क्लोरीन, दोन अमोनिया. क्लोरीन शेजारी-शेजारी असले तर औषध. समोरासमोर असले तर त्या कामाला निरुपयोगी. अमेरिकेत १९७८ ला मंजुरी मिळाली, अजून वापरात आहे. घरात एकाला चढवलं होतं, तेव्हा वाचून काढलं सगळं.

बागवान_सांगोला

मॅडम, पटलं. आता शेवटचं. पुडीवर ४.८ लिहिलंय ते खरं कशावरून? दुकानातून तिन्हीचे नमुने आणलेत. पहिलीचं पाणी फिकट पिवळसर झालं. दुसरीचे दाणे काळपट लाल, पाण्यात टाकताच लाल दोरे सोडत खाली जातात आणि हलवलं की कोकम सरबतासारखा रंग. बोटाला लागलं ते साबणानंही गेलं नाही. तिसरीचा रंगही लालच, जरा मळका.

अष्टफलक

तो लाल रंग फिनॉलच्या ऑक्सिजनकडून फेरिक लोहाकडे इलेक्ट्रॉन सरकतो त्याचा आहे, ४८० नॅनोमीटरच्या आसपास शोषण. बारावीला फिनॉलमध्ये फेरिक क्लोराइड टाकून जांभळा रंग बघितला असाल, त्याचाच भाऊ. ईडीटीएत फिनॉल नाही म्हणून तो फिकट.

पण रंगावर विश्वास ठेवू नका. लाल रंग कुणीही मिसळू शकतो, आणि ऑर्थो-पॅराचं पाणीही रंगीत दिसतं. नक्की टक्केवारी हवी तर प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी लागते. घरच्या घरी एवढं करता येईल: तिन्ही पुड्या सारख्या वजनानं सारख्या पाण्यात विरघळवा, काचेच्या बरण्यांत तुमच्याच बागेची मूठमूठ माती घाला, हलवून आठवडाभर अंधारात ठेवा. अंधारात का, तर उन्हात चिलेट फुटतात. मग वरची निवळी गाळून रंग बघा. दुसरीचा लाल रंग बराचसा टिकला पाहिजे. तिसरीचा किती उतरतो ते कळेल. हे प्रमाणपत्र नव्हे, पण दुकानदाराशी बोलायला पुरतं.

कोरडवाहू

आणि पाणी कमी कर म्हणावं. दोन ड्रिपर लावून रान सतत ओलं ठेवतात आणि मग पिवळं पडलं म्हणून पुड्या शोधतात.

अष्टफलक

अण्णा बरोबर बोलले. चुनखडीच्या जमिनीत सतत ओल राहिली की मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड कोंडतो, बायकार्बोनेट वाढतं. त्यानं मुळापाशी सामू खाली येऊ शकत नाही आणि लोह घेणं मंदावतं. बोअरच्या पाण्यात आधीच बायकार्बोनेट असेल तर दुप्पट त्रास. पाण्याचीही तपासणी करून घ्या.

ईडीडीएचए ठिबकमधून, मुळाशी. पानांवर फवारणी करायची असेल तर ईडीटीए चालतं, तिथं चुनखडी आडवी येत नाही, फक्त संध्याकाळी मारा. आणि तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारत असाल तर त्याच टाकीत कुठलंही चिलेट टाकू नका. बोर्डोत चुना आहे आणि तांबं आहे. त्या सामूला ईडीटीए लोह सोडून तांबं उचलतं, आणि विरघळलेलं तांबं कोवळ्या पानाला भाजतं.

मात्रा मी सांगणार नाही. ती झाडाचं वय आणि बहार बघून ठरते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, माती, पाणी आणि पानांच्या तपासणीचे कागद घेऊन तिथे जा.

बागवान_सांगोला

सोमवारी जातो. बरण्या आजच भरल्या, चौथीत नुसतं पाणी आणि माती ठेवलीय तुलनेला. रंग उतरले की फोटो टाकतो.

एमएस्सी_चालू

दादा, गाळलेली निवळी थोडी मला आणून द्या, आमच्या लॅबमधल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४८० ला वाचतो. मॅडम, हे प्रोजेक्ट म्हणून चालेल का?

अष्टफलक

चालेल. पण नुसत्या मातीच्या निवळीचं रीडिंग आधी वजा कर. आणि प्रोजेक्टमध्ये सीएफएसई लिहू नकोस.